वरातीच्या चालीचा पंखा

"रेसच्या गाडीचा पंप हाय ह्यो. रेसचा!" आप्पांनी खोक्यातून पंप काढून बाकावर ठेवला. "खराड्यांनी खास मुंबईहून मागवलाय."

शालनने पंप उचलला. त्याचा दांडा बोटाने फिरवून पाहिला, आतली पाती निरखली आणि पंप परत खोक्यात ठेवला.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पर बसवायचा न्हाई."

"का बरं?"

"ह्या गाडीला रेसला कुठं जायचंय? वरातीला जायचंय."

आप्पा माझ्याकडे वळले. "बघा मास्तर. गिऱ्हाईक स्वतःच्या हातानं माल आणून देतंय, आणि आमची पोरगी परत पाठवतीय."

मी टाइपरायटरवरची नजर वर केली नाही. दोन माणसं बोलत असताना तिसऱ्याने मध्ये काय बोलावं, हे मला कधीच कळलं नाही. आज वय झालं तरी कळत नाही. मला सगळे मास्तर म्हणत, पण मी कुणाला कधी शिकवलं नव्हतं. उद्यमनगरातल्या आप्पा पोवारांच्या गॅरेजात मी पत्रं लिहीत असे. मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना हे पाठवा, ते चुकीचं आलं, असं कळवायचं. इंग्रजी पुस्तिका आली तर तिचा अर्थ सांगायचा. एवढं सोडलं तर माझ्या हातून साधा नटसुद्धा सरळ बसला नसता.

"मास्तर, त्या पुस्तकात काय लिवलंय, सांगा की आप्पांना," शालन म्हणाली.

"त्यात... म्हणजे माझ्या समजुतीप्रमाणे..." मी सुरुवात केली.

"ऱ्हाऊ दे, मीच सांगतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी ती स्वतःबद्दल 'सांगतो, जातो' असंच बोलायची. "रेसमधी इंजिन सारखं ओरडत असतंय. ह्या पंपाची पाती लहान, आजूबाजूला जागा मोकळी. गरागरा फिरली तरच पाणी फुडं ढकलणार. वरातीत इंजिन नुसतं गुरगुरतंय. मग पाणी जागच्या जागी बसून उकळणार. बँडवाल्यांच्या मागनं जाणारी गाडी ही. तिला चालत्या माणसाच्या वेगाचा पंप पायजे."

आप्पांनी खोकं बंद केलं.

गाडी खराड्यांच्या आजोबांची होती. लांबलचक, मोतिया रंगाची, वरून उघडी अमेरिकन गाडी. शाहूपुरीत खराड्यांची गुळाची पेढी मोठी होती, आणि त्यांचे ट्रक वर्षानुवर्षं आप्पांच्याच हाताखालून जात. मोकळ्या रस्त्यावर ती गाडी आरामात पळे, समोरून येणारा वाराच तिला गार ठेवी. पण माणसांच्या पावलांनी चालायला लावली, की तापलीच. त्यांच्या घरातल्या मागच्या लग्नात ती भर चौकात उकळली होती. धुरासारखी वाफ निघाली, आणि नव्या सुनेला भरल्या साडीनिशी घरापर्यंत चालत जावं लागलं. गावाने ती गोष्ट बरेच दिवस पुरवली. आता थोरल्या मुलाचं, रणजितचं लग्न होतं, आणि वरात त्याच गाडीतून निघायची असं काकीसाहेबांनी ठरवलं होतं. काकीसाहेब म्हणजे रणजितची चुलती. त्या घरात त्यांचा शब्द शेवटचा.

त्यांनी दुसरंही एक ठरवत आणलं होतं. धाकट्या जयसिंगसाठी त्यांना शालन पसंत होती.

शालनच्या आईला तर ती जागा म्हणजे देवीचा कौल वाटत होता. जयसिंग खरोखरच चांगला मुलगा होता. निर्व्यसनी, शांत, वागायला अदबशीर. मी एकदा हे सगळं शालनला चाचरत सांगितलं.

"जयसिंगरावांत काय खोट न्हाई, मास्तर," ती म्हणाली. "पर त्या घरातल्या बायका गाडीचं दारसुद्धा आपल्या हातानं उघडत न्हाईत. उघडायला मानूस हाय. मी तिथं दिवसभर काय करू?"

कॉलेज सोडल्यापासून ती गॅरेजातच होती. आधी हिशेबाला म्हणून आली. मग सुटे भाग ती निवडू लागली, आणि नंतर गाडीखालीही जाऊ लागली. आप्पांनी तिला कधी बोलावलं नव्हतं आणि कधी परतही पाठवलं नव्हतं.

त्या दुपारी पंपाचं खोकं बाजूला सारल्यावर आप्पा बाकावर बसले.

"बरं. पंप तुझ्या मनासारखा. पंखा?"

"विजेवरचा."

"आता गं बया!" आप्पा हसले. "बॅटरीवर पंखा? आन् वरातीत बॅटरी बसली तर? नवरदेवाला ढकलायला लावतीस व्हय? त्यापेक्षा सहा पात्यांचा लोखंडी पंखा टाक आणि पट्ट्यावर फिरव. बापजाद्यांपास्नं चालत आलंय."

"पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या चालीनं फिरणार. इंजिन हळू तर पंखा हळू. जवा वारा सगळ्यात जास्त पायजे तवाच त्यो झोपणार. बारा पाती लावा, झोपलेला तो झोपलेलाच."

"आन् तापली तर?"

"न्हाई तापायची."

"तापली तर?"

आप्पांनी कानामागची विडी काढली, पण पेटवली नाही.

"मग असं करू," ते म्हणाले. "पंप तुझा, पंखा तुझा. मी बोट लावत न्हाई. गाडी वरातीत तापली न्हाई, तर लग्नाचं तुझं तू बघ. ह्या गॅरेजातनं तुला कोण उठवणार न्हाई, तुझी आईसुद्धा. तापली, तर खराड्यांना हो म्हणायचं आणि हिकडची वाट इसरायची. मास्तर साक्षीला."

मला साक्षीला कुणी का धरावं, हे मला समजेना. मी मान हलवली असावी.

"कबूल," शालन म्हणाली.

पुढचे दिवस गॅरेजात पंख्यांची रांग लागली. एका लहान गाडीचा पंखा तिने आणून इंजिनाचं पाणी गार करणाऱ्या जाळीमागे बांधला. मग माझ्या टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. मी अजून वाचत होतो.

"देता का जरा?"

पंखा सुरू करून तिने कागद जाळीच्या पुढच्या अंगाला धरला आणि हात सोडला. कागदाचा मधला भाग चिकटला, कोपरे फडफडत राहिले आणि शेवटी सगळाच खाली पडला.

"मधनंच ओढतोय. बाकीची जाळी फुकट."

मग एका ट्रकचा भलामोठा पंखा आला. तो सुरू झाल्याबरोबर गाडीचे दिवे मिणमिणले. "ह्यो बॅटरी खाईल," म्हणून तोही परत गेला. एक पंखा सगळ्यांना आवडला होता, पण त्याचा आवाज इतका की आप्पा लांबून ओरडले, "बँडवाल्यांचं पैसं वाचतील गं!"

शेवटी तिने मध्यम आकाराचे दोन पंखे शेजारी शेजारी बसवले. त्यांच्याभोवती पत्र्याचं कव्हर ठोकून घेतलं, म्हणजे वारा येईल तो सगळ्या जाळीतूनच येईल, कडेने चोरून येणार नाही. जास्त वीज देणारा डायनामो घातला. गाडीच्या जुन्या पंपाला रुंद पात्यांचा भोवरा बसवला, आणि त्याची पुली लहान केली, म्हणजे इंजिन रेंगाळलं तरी पंपाने रेंगाळू नये. मग परत माझं वर्तमानपत्र नेलं. या वेळी अख्खा अग्रलेख जाळीवर असा ताणून बसला की उभं राहून वाचता आला असता.

"वाचा आता," शालन म्हणाली.

आप्पा दुसऱ्या गाडीखालून बघत होते. बाहेर आले नाहीत.

वैशाखातल्या एका दुपारी गाडी गॅरेजच्या दारात उभी करून इंजिन चालू ठेवलं. ऊन असं होतं की पत्र्याला हात लागत नव्हता. शालनने बसवलेल्या, पाणी किती तापलं ते दाखवणाऱ्या नव्या घड्याळाचा काटा मध्यावर आला आणि तिथेच बसला. चहा झाला, दुसरा झाला. काटा हलला नाही. खराड्यांचा ड्रायव्हर महादबा गाडी न्यायला आला होता, तो म्हणाला, "ही आमचीच गाडी काय वो?"

वरातीच्या दिवशी मला गाडीत बसायला सांगितलं गेलं. काट्यावर लक्ष ठेवायला घरचं माणूस हवं, असं आप्पा म्हणाले. शालनला काकीसाहेबांनीच बोलावलं होतं, गाडीतूनच यायचं असं निक्षून. त्यात गावाला काय दाखवायचं होतं ते गावाला बरोबर समजलं. मागे रणजित, त्याची नवी नवरी आणि काकीसाहेब. पुढे चाकावर महादबा, दाराशी काठापदराची जांभळी साडी नेसलेली शालन, आणि दोघांच्या मध्ये मी, गुडघे आवळून. जयसिंग मित्रांबरोबर गाडीपुढे चालत होता. त्याच्याजवळच फेटा बांधलेले आप्पा, खराड्यांच्या पाहुण्यांशी बोलत.

आम्ही भवानी मंडपाशी गाडीत बसायला आलो तेव्हा गाडीचं तोंड दिसत नव्हतं. फुलवाल्याने ओल्या कापडावर झेंडूची दाट चादर शिवून ती समोरच्या जाळीवर वरपासून खालपर्यंत ताणून बांधली होती. तीवर मधोमध मोगऱ्याची वेणी होती. शालन क्षणभर थांबली.

"ही कुणी बांधली?"

"काकीसाहेबांनी सांगितलं तसं," महादबा म्हणाला. "मधली वेणी अंबाबाईच्या पायावरची हाय."

तेवढ्यात बँड सुरू झाला आणि मागून कुणीतरी "बसा, बसा" केलं. आम्ही बसलो.

बिंदू चौकापर्यंत काटा मध्यावर होता. मी दुसरीकडे कुठे बघतच नव्हतो, त्यामुळे वरातीचं मला फारसं काही आठवत नाही. चौकात मुलं नाचू लागली आणि गाडी उभी राहिली. तेव्हा काटा थोडा सरकला. मला वाटलं, माझ्या चष्म्याचा दोष असेल.

"मास्तर, काटा?" शालनने पुढे बघतच विचारलं.

"सरकला. जरा."

"पंखं चालू हाईत. आवाज येतोय." मग ती हळू म्हणाली, "फुलं ओढून घेतली त्यांनी. ओली चादर गच्च बसली असणार जाळीला."

तिने बसवलेले पंखे जितके चांगले, तितकी ती चादर घट्ट. हे मलाही समजलं, म्हणजे गोष्ट फारच सोपी होती.

लक्ष्मीपुरीच्या तोंडाशी काटा लाल पट्ट्याच्या अलीकडे आला. महादबाच्या कपाळावर घाम होता. तो मागच्या लग्नातही चाकावर होता.

शालन मागे वळली. "काकीसाहेब, गाडीला वारा मिळंना झालाय. म्होरली फुलं काढाय लागतील."

"आता?" काकीसाहेब हसऱ्या चेहऱ्याने लोकांना नमस्कार करत होत्या, तो हसरा चेहरा त्यांनी तसाच ठेवला. "वरात दारात पोचू दे. मग काय काढायचं ते काढा."

"दारापर्यंत न्हाई पोचायची."

"शालन, देवीचं फूल हाय त्यात. वरातीच्या गाडीची फुलं वाटेत काढत्यात व्हय? लोक काय म्हणतील? बसून राहा बघू. आमच्या घरची रीत असते."

त्या रागावल्या नव्हत्या. आपल्या माणसाला सांगावं तसं सांगत होत्या. शेजारची नवरी खाली मान घालून बसली होती. ती घाबरली होती, एवढं मला दिसलं.

शालन पुढे वळली. गाडीच्या काचेतून आप्पा दिसत होते, अगदी जवळ. ती त्यांच्याकडे बघत राहिली. आप्पांनी मान वळवली. त्यांची आणि तिची नजरभेट झाली, याबद्दल मला शंका नाही. मग त्यांनी शेजारच्या पाहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तोंड दुसरीकडे करून त्याच्याशी बोलू लागले.

"मास्तर, काटा?"

"लालला टेकला," मी म्हणालो. मागे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, याचं माझं मलाच आश्चर्य वाटलं.

तिने दार उघडलं.

गाडी चालतच होती, पण तिचा वेग तो काय. ती उतरून पुढे गेली आणि हात वर केला. महादबाने गाडी थांबवली. बँड दोन-चार सूर वाजत राहिला आणि मग एकेक वाद्य गप्प झालं. शालनने आधी मधली वेणी गाठ सोडून काढली. ती घेऊन मागे आली, कपाळाला लावली आणि नवरीच्या पदरात ठेवली. "धरा वैनी." मग परत पुढे जाऊन चादरीच्या सुतळीत बोटं घातली आणि ती ओढली. सुतळी तुटेना. तिने जांभळा पदर कमरेला खोचला, एक पाय बंपरवर ठेवला आणि सगळी चादर एका हिसक्यात उपटून काढली. झेंडू रस्ताभर झाला.

आत जाळी दिसली. पाकळ्या आणि पानं तिच्या भोकाभोकांत बसली होती. शालन बोटांनी ती खरवडत राहिली. गर्दीतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "अगं बाई, काय हे!" कुणीतरी हसलं. जयसिंग जिथे होता तिथेच उभा होता. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो फक्त पुढे आला नाही.

"महादबा, इंजिन बंद करू नका," शालन ओरडली. "चालूच ठेवा. जरा रेस द्या."

काटा तिथेच थरथरत राहिला. मग लालच्या बाहेर आला. मग मी न विचारता म्हणालो, "उतरतोय."

ती येऊन बसली. तिच्या नखांत पिवळं होतं आणि हात पोळले होते. दार तिने स्वतःच ओढून लावलं. बँड पुन्हा वाजू लागला. मागे काकीसाहेब शाहूपुरी येईपर्यंत लोकांना नमस्कार करत राहिल्या. गाडी दारात पोचली तेव्हा काटा मध्यावर होता आणि गाडीच्या तोंडावर एकही फूल नव्हतं.

खराड्यांचा निरोप लग्नाचे पाहुणे पांगल्यावर आला. पत्रिका जुळत नाही, असा. त्यांचे ट्रक पुढे दुसऱ्या गॅरेजात जाऊ लागले. शालनची आई आप्पांशी कित्येक दिवस धड बोलत नव्हती. शालन नेहमीसारखी कामाला येत होती. त्या पैजेचा उल्लेख तिने केला नाही आणि आप्पांनीही केला नाही.

एका दुपारी मी आणि आप्पा चहा पीत होतो. शालन आत कुठल्यातरी गाडीचा पंप उतरवत होती. मनात बरेच दिवस घोळत असलेलं मी कसंबसं बोललो. चूक असेल तर ते हसतील आणि विषय संपेल, असा हिशेब केला होता.

"आप्पा, त्या दिवशी तुम्ही गाडीच्या अगदी पुढेच चालत होता."

"व्हय."

"गाडी तापायला लागली की वास येतो, असं तुम्हीच सांगता. तुम्हाला आला नाही?"

आप्पांनी बशीत चहा ओतला.

"आला की. बिंदू चौकातच आला." त्यांनी बशी खाली ठेवली. "आन् फुलवाला ती चादर बांधत हुता, तवा मी तिथंच उभा हुतो मास्तर. मंडपात. त्यो मला इचारत हुता, घट्ट बांधू का म्हणून."

"मग तुम्ही त्याला..."

"मी म्हटलं, बांध."

आतून पान्हा पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ शालन कुणावर तरी खेकसली.

"पंखा-पंप ती निवडणार, बरोबरच निवडणार," आप्पा म्हणाले. "ते मला वर्तमानपत्र चिकाटलं त्याच दिवशी कळलं. त्यात काय बघायचं? पर गॅरेज काय नुसत्या पंख्यावर चालतंय? उद्या एखादा मोठा माणूस दारात येऊन म्हणंल, मी सांगतो तसंच कर. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणाय लागतंय. सगळं गाव बघत असताना म्हणाय लागतंय. बाप तोंड फिरवून उभा असला, तरी."

"आणि ती बसून राहिली असती तर?"

"तर काय? गाडी उकळली असती. लोक हसलं असतं." बशीतला चहा गार होत होता, ते त्या बशीकडेच बघत होते. "बसून राहिली असती, तर त्या घरात सुखानं नांदली असती मास्तर. मी डोळं मिटून दिली असती. पोरगी बसणारी हाय का उठणारी, एवढंच मला कळंना झालं हुतं. इचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं, असं न्हाई. तिलाबी कुठं म्हाईत हुतं?"

मी त्यांना विचारायला हवं होतं, की खराड्यांच्या त्या ट्रकांचं काय, शालनच्या आईचं काय, आणि हे शालनला सांगणार का. यातलं काहीच मी विचारलं नाही.

गॅरेजच्या दारात एक गाडी येऊन थांबली आणि कुणीतरी हॉर्न वाजवला. "पोवार हैत का?" त्या माणसाने बाहेरूनच विचारलं.

आप्पा उठले नाहीत.

"हैत," ते म्हणाले. "आत हैत. हाक मारा, येतील."